शब्द इथे घाला

ऑफिसात तिला सगळे किल्लीताई म्हणत. तिच्याकडे एकही किल्ली नव्हती, गंमत त्यातच होती. दिवसभर ती फोनवर लोकांना हेच सांगत असे.

"तुमचा परवलीचा शब्द आमच्याकडे नसतो. तो ठेवणाऱ्याला आणि त्याने ज्याला सांगितला त्यालाच ठाऊक असतो. आम्ही काही करू शकत नाही. माफ करा."

हे वाक्य तिच्या जिभेवर इतकं बसलं होतं की एकदा भाजीवाल्याने सुटे पैसे मागितले तेव्हा तिच्या तोंडून "आमच्याकडे नसतात, माफ करा" असं त्याच सुरात निघून गेलं, आणि तो बिचारा घाबरून म्हणाला, "राहू द्या बाई, उद्या द्या."

कंपनीचा धंदा निरोप सांभाळायचा. माणूस धडधाकट असताना आपला आवाज, फोटो, चार ओळी असं काहीबाही कंपनीच्या संगणकावर एका तिजोरीत ठेवायचा. तिजोरीला एक शब्द ठरवायचा. शब्द कसला, कुणी कुणी अख्खं वाक्य ठेवत. मग तो शब्द आपल्या माणसाच्या कानात सांगायचा. ठेवणारा गेला, की त्या माणसाने तो शब्द टाकून तिजोरी उघडायची. सगळी भानगड फक्त या शेवटच्या पायरीवर व्हायची. लोक शब्द विसरत. विसरले की फोन करत, आणि फोन किल्लीताईकडे येई.

कुणी रडे, कुणी भांडे, कुणी आवाज खाली आणून "तुमच्याकडे असेलच हो कुठेतरी लिहिलेला" असं लाडीगोडीने विचारी. ती सगळ्यांना एकच उत्तर देई आणि शेवटी पदरचं एक वाक्य जोडी, "असं होतं. दुःखात विसरायला होतं." तिला वाटे, तेवढाच लोकांना धीर.

ती स्वतः एकटी राहत होती. लग्न केलं नाही, मुद्दाम असं नाही, राहून गेलं. आई होती तोवर घर भरलेलं असे, कारण आईचं तोंड म्हणजे चालू नळ. आई गेली आणि घरातला आवाजच गेला. शुक्रवारी संध्याकाळी शेवटचा फोन ठेवला की सोमवारी सकाळपर्यंत ती कुणाशीही बोलत नसे. सोमवारचा पहिला फोन घेताना तिचा घसा खरखरे, आणि पलीकडचा माणूस विचारी, "तब्येत बरी नाही का?"

आईचीही एक तिजोरी होती. कंपनीने एका वर्षी कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं, घरच्यांच्या तिजोऱ्या करून घ्या, मोफत आहेत. तिने आईला घरच्या संगणकावर सगळं लावून दिलं आणि म्हणाली, "मी ऑफिसात असताना कर काय ते. मी असले की तू लाजशील." आईने शेजारच्या काकूंना हाताशी घेऊन ते केलं.

"शब्द काय ठेवलास?" तिने संध्याकाळी विचारलं होतं.

"सांगीन गं. घाई काय आहे? तू कुठे पळून चालली आहेस, की मी?"

पळून कुणी गेलं नाही. पण वर्षभरात आईच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली आणि वाचाच गेली. दवाखान्यात ती ओठ हलवायची. किल्लीताई वाकून विचारायची, "पाणी हवंय? उशी वर करू?" आई मान हलवून नाही म्हणे आणि डोळे मिटे. शब्द तसाच राहिला.

आई गेल्यावर तिने प्रयत्न केले. स्वतःचं घरचं नाव, वडिलांचं नाव, मेलेल्या मांजराचं नाव. आईच्या तोंडची ठेवणीतली वाक्यं, "देव करो आणि तसं न होवो", "मेली कटकट". प्रत्येक वेळी पडद्यावर दोन शब्द उमटत, 'शब्द चुकला'. बाकीच्यांना जे ती सांगे तेच आता मशीन तिला सांगत होतं, आणि तेही तिच्याइतकंच शांतपणे. शेवटी तिने नाद सोडला. पण मनात एक काटा राहून गेला. जन्मभर एका छपराखाली राहिलो, एका ताटात जेवलो, आणि आपल्याला तिचा एक शब्द ओळखता येऊ नये? मग आपण ओळखत तरी काय होतो?

*

त्या सुमारास बसचालक काकांचे फोन सुरू झाले. निवृत्त बसचालक, बायको नुकतीच गेलेली. त्यांचा आवाज मोठा होता, जन्मभर इंजिनाच्या घरघरीवर बोलायची सवय.

"बाई, शब्द बरोबर आहे, पण तुमची तिजोरी उघडत नाही."

तिने आपलं वाक्य म्हटलं.

"अहो, पण विसरायला तो शब्द आहे का? मी ड्यूटीवरून घरी आलो की दारातून एकच हाक यायची, 'पाय पुसून आत या'. सगळा जन्म ऐकली ती. ती म्हणाली, हाच ठेवलाय, म्हणजे तुम्ही विसरणार नाही."

"काका, शब्द मला सांगायचा नसतो," ती घाईने म्हणाली.

"आता सांगून काय बिघडलं? उघडत तर नाही!"

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा. मुलगा फार सभ्य बोलला. "बाबांचं मनावर घेऊ नका. वय झालंय. परवा गॅसवर दूध ठेवून विसरले. डॉक्टर म्हणाले, अशीच सुरुवात होते. आता त्यांना एकटं बाहेर सोडत नाही आम्ही." ती म्हणाली, "असं होतं. दुःखात विसरायला होतं." मुलगा म्हणाला, "तेच तर."

नंतरच्या फोनला काकांचा आवाज लहान झाला होता. घरातल्यांना ऐकू जाऊ नये म्हणून असेल.

"मला तिजोरी उघडून नका देऊ," ते म्हणाले. "फक्त एवढं सांगा. मशीन चुकू शकतं का?"

"नाही काका," ती सवयीने म्हणाली.

"बरं. मग मीच चुकत असेन." आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या 'बरं'ने तिला जेवण गेलं नाही. तरी ती काही करणार नव्हती, कारण करण्यासारखं काही नव्हतं. पण आठवडा उलटायच्या आत दुसऱ्या गावाहून एका बाईचा फोन आला. तिने तिजोरीचा क्रमांक सांगितला, तो बसचालक काकांच्या बायकोचा होता. ही त्या बायकोची धाकटी बहीण.

"ताईने मलाही शब्द सांगून ठेवला होता," ती म्हणाली, "भावोजींचं काही बरंवाईट झालं तर म्हणून. पण उघडत नाही. आमची ताई दारात ओरडायची ना, 'पाय पुसून आत या', तेच तर वाक्य आहे."

किल्लीताईने विचारलं, "तुमचं भावोजींशी बोलणं झालंय या शब्दाबद्दल?"

"छे! ताईच्या बाराव्यापासून बोलणं नाही आमचं. मानपानावरून वाजलंय."

*

ऑफिसातल्या इंजिनिअरला सगळे दाढी म्हणत. चाळिशीतला माणूस, स्वभावाने बरा, पण कामात मान खुपसली की वर काढायला क्रेन लागे.

"ताई, दुःखात माणसं काहीही शपथेवर सांगतात," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

"एक माणूस सांगेल. दोन माणसं, दोन गावांहून, एकमेकांशी भांडलेली, अक्षर न अक्षर तेच कसं सांगतील? विसरले असते तर दोघांनी वेगवेगळं विसरलं नसतं का?"

दाढीने मान वर काढली.

त्याने तिला खुर्ची दिली आणि समजावलं. पूर्वी नवी तिजोरी करायची तर माणूस ऑफिसात येई. मशीन किल्ली तयार करता करता मध्येच थांबे आणि विचारी, शब्द? माणूस स्वतः बोटांनी तो टाकी आणि मगच किल्ली पुरी होई. मग गिऱ्हाईक वाढलं. प्रत्येकासाठी मशीन थांबून कसं चालेल? तेव्हा आधीच्या इंजिनिअरने ते काम आपोआप करून टाकलं. माणसाने घरबसल्या वेबसाइटवर शब्द टाकायचा, प्रोग्रॅमने तो उचलून सूचनांच्या फाइलमध्ये ठरलेल्या जागी लिहायचा आणि मशीनने ती फाइल वाचून किल्ली करायची. कुणी थांबायला नको, कुणी विचारायला नको.

"आणि त्याने शब्द उचललाच नाही तर?" तिने विचारलं.

"तर मशीन बोंब मारेल."

"मारतं?"

दुपारी दाढीने काकांच्या बायकोने तिजोरी केली तेव्हाचा जुना प्रोग्रॅम कुठूनसा बाहेर काढला, खोटी तिजोरी केली, शब्द म्हणून 'मनीमाऊ' टाकलं आणि दोघं बघत बसले. तिजोरी बिनतक्रार तयार झाली. त्याने त्यात एक कोरी फाइल ठेवली. तीही बिनतक्रार आत गेली. मग उघडायला 'मनीमाऊ' टाकलं.

शब्द चुकला.

"हात्तिच्या," दाढी म्हणाला. त्याने सूचनांची फाइल उघडली. 'परवलीचा शब्द' असं लिहून पुढे माणसाचा शब्द असायला हवा होता. तिथे लिहिलं होतं, 'शब्द-इथे-घाला'.

"हे काय?"

"ही खूण आहे. प्रोग्रॅमने ही खूण पुसून तिथे माणसाचा शब्द लिहायचा असतो." तो दाढी ओढत भराभर बोलू लागला. "एका उन्हाळ्यात वेबसाइटवरच्या त्या चौकोनाचं नाव बदललं. प्रोग्रॅम जुन्या नावाचा चौकोन शोधत राहिला, त्याला तो सापडला नाही, त्याने खूण तशीच ठेवली. मशीनला काय कळणार? त्याच्या लेखी हाही शब्दच. त्याने हाच कुलुपाला लावला."

त्याने उघडण्याच्या जागी टाइप केलं, 'शब्द-इथे-घाला'. खोटी तिजोरी पटकन उघडली.

मग तिने विचारलं, "इतके दिवस कळलं कसं नाही?"

"टपालपेटीसारखं आहे ना ते. आत टाकायला किल्ली लागत नाही, काढायलाच लागते. आणि काढायची वेळ येते तेव्हा शब्द ठेवणारा जिवंत नसतो. मागे राहिलेल्याने तक्रार केली तर..." तो थांबला.

"तर मी असते," किल्लीताई म्हणाली.

हे कधीपासून कधीपर्यंत चाललं, ते दाढीने पाहिलं. नवा प्रोग्रॅम येईपर्यंत, म्हणजे उन्हाळ्यापासून थंडी सुरू होईपर्यंत. त्याआधीच्या आणि नंतरच्या तिजोऱ्या ठीक होत्या, म्हणूनच तर कुणाला संशय आला नाही. ती "आलेच" म्हणून उठली आणि हात धुवायच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभी राहिली.

आईने तिजोरी केली ती त्याच पावसाळ्यात.

म्हणजे तिने टाकून पाहिलेल्या शब्दांपैकी एखादा खरा असू शकत होता. कदाचित पहिलाच. मांजराचं नाव सुद्धा. ती बरोबर आली होती आणि मशीनने तिला दारातून परत पाठवलं होतं, किंवा नव्हती आली. आता हे कधीच कळणार नव्हतं, कारण आईने टाकलेला शब्द प्रोग्रॅमने उचललाच नाही, कुठे ठेवलाही नाही. तो टाकला त्या क्षणीच हवेत गेला. बराच वेळ ती वाहत्या पाण्याकडे बघत राहिली. कुणीतरी आत आलं आणि म्हणालं, "नळ बंद करा ना ताई, पाणी चाललंय."

*

मॅडम वाईट नव्हत्या. कंपनी त्यांनी शून्यातून उभी केली होती आणि आता शून्य पुन्हा डोळ्यांपुढे दिसत होतं. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"आम्हा दोघांना," दाढी म्हणाला. "आता तुम्हाला."

"म्हणजे तो एक शब्द ज्याला कळेल तो त्या सगळ्या तिजोऱ्या उघडू शकतो?"

"हो."

मॅडमनी त्याच दिवशी दाढीला कामाला लावलं. प्रत्येक तिजोरीवरचा तो सामाईक शब्द काढून वेगवेगळे शब्द लागले, आणि ते दोन माणसं एकत्र असल्याशिवाय कुणाला मिळणार नाहीत अशी सोय झाली. इथपर्यंत सगळं रीतसर झालं. मग मॅडमनी एक मसुदा वाचून दाखवला. 'काही तांत्रिक कारणास्तव आपली तिजोरी उघडण्यात अडचण आली असल्यास आमच्याशी संपर्क साधावा.'

"हे पाठवू सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

"संपर्क साधलाच होता त्यांनी," किल्लीताई म्हणाली.

"म्हणजे?"

"माझ्याशी साधला होता. मी त्यांना सांगितलं, तुम्ही विसरलात. तांत्रिक कारणास्तव नाही सांगितलं मॅडम, या तोंडाने सांगितलं. घरच्यांसमोर खोटं पाडलं मी त्यांना. आता ते याच तोंडाने निस्तरायला हवं."

"तुम्हाला काय माहीत होतं? तुमचा काय दोष?"

"दोष नसेल. पण आवाज माझा होता."

मॅडम म्हणाल्या, "फोन करा. पण कायदेशीर भाषा वकील सांगतील तीच." किल्लीताईने मान हलवली. वकिलांची भाषा तिने नंतर वाचली, आणि बाजूला ठेवली.

पहिला फोन बसचालक काकांना केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि फक्त विचारलं, "कधी येऊ?"

मुलगा त्यांना घेऊन आला. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दाढीने घसा साफ करून झालेला प्रकार पुन्हा सांगितला, माफी मागितली, आणि म्हणाला, "आम्ही उघडून देतो, तुम्ही फक्त बसा."

"कुठल्या शब्दाने उघडणार?"

"आता एक आमचाच लावलेला आहे."

"नको," काका म्हणाले.

"बाबा," मुलगा हळूच म्हणाला.

"तू गप. तुमचा शब्द माझ्या बायकोचा नाही हो. दुसऱ्याच्या किल्लीने मी माझ्या घरात शिरायचं? ती काय म्हणेल?"

दाढीने किल्लीताईकडे पाहिलं. मग त्याचा चेहरा उजळला. किल्ली आता त्यांच्या हातात होतीच. तिच्यावरचा शब्द बदलता येत होता. त्याने मॅडमना बोलावलं, दोघांनी मिळून तिजोरी मोकळी केली, जुना शब्द काढला आणि नव्या शब्दाच्या जागी येऊन कीबोर्ड काकांपुढे सरकवला. काकांनी चष्मा लावला. एकेक अक्षर शोधून, चुकवून, पुन्हा पुसून त्यांनी ते वाक्य दोनदा लिहिलं. दाढीने सगळं बंद केलं आणि म्हणाला, "आता उघडा."

त्यांनी तिसऱ्यांदा तेच वाक्य लिहिलं. या वेळी 'शब्द चुकला' आलं नाही.

बाकी सगळे बाहेर आले. दाराबाहेरच्या खुर्च्यांवर मुलगा किल्लीताईशेजारी बसला. आतून एका बाईचा अस्पष्ट आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मध्ये काका मोठ्याने हसले.

"मी त्यांच्याकडून घराची किल्ली काढून घेतली होती," मुलगा समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाला. "म्हटलं, हरवतील. माझ्यादेखत माझी बायको त्यांना दरवाजा उघडून द्यायची. स्वतःच्या घराचा."

"मी तुम्हाला तेच म्हटलं होतं, विसरायला होतं म्हणून," ती म्हणाली.

"तुम्ही परक्या. मी मुलगा आहे."

दोघं तसेच बसून राहिले, आतला आवाज थांबेपर्यंत.

*

स्वतःच्या आईच्या तिजोरीसाठी तिने सगळ्यांसारखाच अर्ज केला, वारस असल्याचे कागद जोडले आणि आपला क्रमांक यायची वाट पाहिली. दाढी म्हणाला, "ताई, तुमचं आत्ता करून टाकू की." ती म्हणाली, "नको." खरी गोष्ट अशी होती की तिला भीती वाटत होती. आईने शब्द सांगितला नाही, तो राहून गेला की सांगायचाच नव्हता? आत असं काही असेल जे तिच्यासाठी नाहीच? भावकीतलं, वडिलांविषयीचं, किंवा तिच्याविषयीचं. लग्न न करता बसलेल्या मुलीबद्दल आई दुसऱ्या कुणाशी काय बोलली असेल, कुणी सांगावं?

तिचा क्रमांक आला तेव्हा दाढीने विचारलं, "शब्द कोणता लावू?"

"मला माहीतच नाही तर काय लावणार? तसंच उघडा."

आत एकच ध्वनिफीत होती, अगदी लहान. दाढी आणि मॅडम न सांगता बाहेर गेले. तिने हेडफोन कानाला लावले.

आधी नुसती खुडखुड. मग आईचा आवाज, घरातला, खणखणीत, त्याला आजार शिवायच्या आधीचा. "झालं का चालू? ती लाल टिकली लागली म्हणजे चालू ना?"

शेजारच्या काकू म्हणाल्या, "हो हो, बोला आता. मुलीला काय सांगायचं ते सांगा."

"काय सांगू?"

"मनातलं काहीतरी. राहिलेलं."

"राहिलंय काय?" आई म्हणाली. तिला खरंच प्रश्न पडला होता. "रोज सांगतेच की तिला. आली की जेवायच्या आधी सगळं सांगून मोकळी होते. पोटात ठेवायची सवय आहे का मला? ती सुद्धा म्हणते, आई, जरा दम घे." मग हसणं, दोघींचं. "आता उगाच नवीन काय शोधू? बंद करा हो. बटाटे लागतील खाली."

आणि फीत संपली.

तिने ती तिथेच पुन्हा ऐकली. मग रडू फुटलं, आणि मध्येच हसूही आलं, कारण त्या संध्याकाळी बटाटे खरोखरच लागले होते आणि आईने मान्य केलं नव्हतं. त्यात काही लपलेलं नव्हतं. आई म्हणजे जेवढी दिसत होती तेवढीच होती, आणि ती सगळीच्या सगळी तिला मिळाली होती.

घरी जाताना तिने शेजारच्या काकूंची घंटा वाजवली. "काकू, आईने शब्द काय टाकला होता, आठवतंय?"

"मला कुठे बघू दिला? म्हणाली, तोंड तिकडे करा." काकूंनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आत ये ना, चहा टाकते."

"पुन्हा कधीतरी," ती म्हणाली, आणि आपल्या दारात येऊन उभी राहिली. कुलूप काढताना वाटलं, चहा घ्यायला हवा होता. पण परत फिरायचं तिला जमलं नाही.

*

नंतरचे कित्येक दिवस ती फोन करत होती. ज्यांना ज्यांना तिने नाही म्हटलं होतं, त्या सगळ्यांना. काहींनी शिव्या घातल्या, त्या तिने ऐकून घेतल्या. एका ठिकाणी दोन भाऊ होते. बापाने शब्द धाकट्याला दिला होता, तो चालला नाही तेव्हा थोरला म्हणाला, तू मुद्दाम खोटा सांगतोस, आणि दोघांनी एकमेकांचं तोंड बघायचं सोडलं. थोरल्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे तुम्हीच त्याला सांगाल का? मी कुठल्या तोंडाने सांगू?" एका क्रमांकावर भलत्याच माणसाने फोन उचलला. आधीचे गृहस्थ वारले होते. ते विसरले नव्हते हे सांगायला आता कुणी उरलं नव्हतं.

एका दुपारी तिने एका निवृत्त मुख्याध्यापिका बाईंना फोन लावला. त्यांच्या मैत्रिणीची तिजोरी होती. दोघी आयुष्यभर एका घरात राहिल्या होत्या, मागे त्या एकट्या उरल्या होत्या.

"तुम्ही विसरला नव्हता," किल्लीताई म्हणाली. "चूक आमच्या प्रोग्रॅमची होती."

पलीकडून आवाज आला, "पुन्हा सांगा."

"तुम्ही विसरला नव्हता."

"पुन्हा."

तिने पुन्हा सांगितलं. बाईंनी नाक पुसल्याचा आवाज आला.

"त्या दिवसापासून मी डब्यांवर चिठ्ठ्या लावतेय. मीठ, साखर. शाळेत शेकडो मुलांची नावं तोंडपाठ होती मला. म्हटलं, तिने सांगितलेला शब्द विसरले, तिथे आता काय उरलं? बाहेर जायचं बंद केलं. रस्ता चुकले तर?"

"तिजोरी उघडून देतो आम्ही. शब्द लागणार नाही."

"तो मी डोक्यातून काढून टाकला," बाई म्हणाल्या. "चुकीचा आहे म्हणून. कितीतरी दिवस लागले काढायला. आता खरंच आठवत नाही हो. कुठल्याशा झाडाचं काहीतरी होतं." त्यांचा आवाज बारीक झाला. "आतलं मिळेल ते ठीक. पण मला तो हवा होता. तिने निवडला होता."

वकिलांच्या भाषेत यावर काही नव्हतं. किल्लीताईच्या स्वतःच्या जुन्या वाक्यातही नव्हतं.

"माझ्या आईचा शब्दही असाच गेला," ती म्हणाली. हे तिने आजवर असं कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं. "तिने काय ठेवला होता ते मला कधीच कळायचं नाही."

"अरेरे," बाई म्हणाल्या. आणि मग, मुलांना विचारत असतील तशा सुरात, "काय असेल, असं वाटतं तुम्हाला?"

"माहीत नाही. मी बरेच टाकून पाहिले."

"सांगा ना कोणते. मला वेळ आहे."

दुसऱ्या फोनचा दिवा लुकलुकत होता. किल्लीताईने खुर्ची भिंतीकडे वळवली, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.